विजयमालेचं पाणी

“पाणी गार पाहिजे. अंगाला सोसेल एवढं गार. ऊन पाण्याचा एक तांब्यासुद्धा अंगावर घ्यायचा नाही, कुणी कितीही मायेनं दिला तरी. आणि दमल्यावर बाहेर यायचं नाही, दमायच्या आधी यायचं.”

पुण्याच्या लष्करी दवाखान्यातल्या कसरतीच्या बाईंनी हे मला सांगितलं, तेव्हा मी हौदाच्या काठावर पदर सावरत उभी होते. पाण्यात माझी धाकटी जाऊ विजयमाला होती. जमिनीवर तिला दोन माणसांचा आधार लागायचा. तिथं छातीएवढ्या पाण्यात ती एका हातानं कठडा धरून चालत होती. मध्येच थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, “आक्का, बगा की! पाय माझं ऐकतोय.”

तिच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. एसटीत बसल्यापासून मी ते नाव जपासारखं घोळवत होते, घरी सांगताना चुकायला नको म्हणून. अर्थ त्यांनी सोप्या भाषेत सांगितला होता. वायरीवरचं रबर जागोजागी निघालं की करंट पुढं नीट जात नाही, तसं डोक्यातल्या आणि पाठीतल्या नसांचं होतं. कधी डोळ्यावर पडदा येतो, कधी पाय ओढतो, कधी बरेच दिवस काहीच नसतं. मुळापासून बरं करणारं औषध नाही. स्पर्शानं कुणाला लागत नाही. उष्णता मात्र सोसत नाही. गार पाण्यात अंग हलकं होतं, पडायची भीती राहत नाही, आणि रोज हलवलं तर पायातलं बळ टिकतं.

हे सगळं मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सोप्यात आमचे चुलत सासरे हंबीरराव बसले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. सासरे गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्याच हातात. कपाळाला गंध, दर गुरुवारी घरात भजन, आणि बोलताना सारखा जांघ खाजवणारा हात. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, “म्हंजी पवायला शिकीवलं व्हय पुण्यात? चांगलं झालं. आता कुस्तीबी शिकवा.”

शेजारी बसलेला त्यांचा मेहुणा नाथाजी खोकेपर्यंत हसला.

मला तात्यांसमोर मोठ्यानं बोलता येत नसे. खरं तर मोठ्यानं कुणासमोरच येत नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि तांदूळ निवडत राहिल्या.

विजयमालेचा नवरा मानसिंग फौजेत होता, तिकडं आसामकडं. सुगीत तो रजेवर येणार होता. त्याच्या पत्रात दर वेळी एकच ओळ असायची, तिला जपा. पण तात्यांच्या मनात दुसरंच शिजत होतं. जतकडं त्यांच्या ओळखीचं एक घर होतं आणि त्या घरात लग्नाची पोरगी होती. मानसिंग येईल तेव्हा विजयमाला अंथरुणाला खिळलेली दिसली, की तिच्याकडून सोडचिठ्ठीवर अंगठा घ्यायचा आणि पोरगी उभी करायची, हे तात्या माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत सांगत होते. भाकरी खाता खाता. विजयमाला पलीकडच्या खोलीत होती. दार उघडं होतं.

माझे यजमान नानासो म्हणाले, “बगू तात्या.” ते आयुष्यभर एवढंच म्हणत आले.

मी भाकरी वाढत होते. तात्यांच्या मिशीला कालवण लागलं होतं आणि त्यावर माशी बसत होती. ते माशी हाकलत होते आणि चांगल्या शिकलेल्या, सहीसुद्धा वळणदार करणाऱ्या पोरीच्या अंगठ्याविषयी बोलत होते.

माझ्या डोक्यात मग एकच गोष्ट राहिली. मानसिंग येईल तेव्हा ही पोर उंबऱ्यात उभी असली पाहिजे. आपल्या पायावर.

घरामागं आमची विहीर होती. दगडी, पायऱ्यांची. शेवटची पायरी पाण्याखाली रुंद ओट्यासारखी होती, तिथं उभं राहिलं की पाणी छातीला लागायचं. माझं माहेर साताऱ्याजवळ, माहुलीला, नदीकाठचं. पोहायला मी चालायला शिकल्याबरोबरच शिकले असेन. सकाळी उठल्यापासून पूजा होऊन तुळशीला पाणी घालेपर्यंत माझं मौन असतं. ते सुटलं की मी विजयमालेला घेऊन विहिरीत उतरायची. तिच्या कंबरेला दोर, पाठीला तोंड झाळून बंद केलेला रिकामा डबा, लहान पोरांना शिकवताना बांधतात तसा. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा. मी पाण्यात उलटी चालायची, तिचे दोन्ही हात धरून, आणि ती माझ्याकडे चालत यायची. मग कडेचा दगड धरून पाय मागं झाडायची. एक पाय जोरात जायचा, दुसरा नुसता तरंगायचा.

“ह्यो डावा लय आळशी हाय, आक्का. तात्यांवर गेलाय.”

“हळू. आवाज वर जातो विहिरीतनं.”

“जाऊ दे की. मी आंधळी, पांगळी. मुकीबी हाय असं न्हाई सांगितलं कुणी.”

ती अशी होती. पाण्यात तिची जीभ मोकळी व्हायची. थोड्या दिवसांत ती डबा बांधून उताणी तरंगायला लागली, आणि वर आल्यावर काठी टेकत परसापासून चुलीपर्यंत एकटी जायला लागली. मी रोज देवाला फूल वाहताना तिचा पाय डोळ्यांपुढं आणायची.

मग माणसं दिसायला लागली. आधी नाथाजी. तो विहिरीच्या कठड्यावर येऊन बसायचा, तंबाखू मळायचा आणि खाली बघायचा. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला, पाठ केली, तरी तो हलायचा नाही. ओल्या लुगड्यातली आजारी बाई बघायला मिळते, ते कोण सोडतो? दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी दोघांना आणलं. “काय वैनी, गळाला काय लागतंय का?” म्हणत तो थुंकला. पिंक आमच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात पडली आणि तपकिरी धागे सोडत पसरत गेली. विजयमालेनं माझा दंड घट्ट धरला. तिच्या बोटांत तेवढी ताकद आल्याचं मला त्याच वेळी कळलं. सगळ्या घराचं पिण्याचं पाणी होतं ते. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, हंड्यात तेच जाणार होतं.

त्या सुमाराला भावाच्या मुलाचं बारसं होतं म्हणून मला माहुलीला जावं लागलं. जाताना सासूबाईंना मी हात जोडून सांगितलं, “ऊन पाणी देऊ नका तिला.” त्या “व्हय” म्हणाल्या. पण त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं हा वात होता, आणि वाताला शेक. सगळ्या आयुष्यात त्यांनी हेच बघितलं होतं. बाळंतिणीला शेक, म्हाताऱ्याला शेक, पाय मुरगळलेल्या बैलालासुद्धा शेक. थंड पाण्यात बुडवून कुणाला बरं केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी निर्गुडीचा पाला घालून हंडाभर पाणी उकळलं, दार लावून विजयमालेला चौरंगावर बसवलं आणि वाफाळतं पाणी मायेनं तिच्या पाठीवर ओतलं.

मी परत आले तेव्हा ती खाटेवर कापडाच्या गाठोड्यासारखी पडली होती. हात उचलत नव्हता. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे वळले.

“आक्का? दिवा घालीवलाय का?”

दिवस होता तेव्हा. दाराशी सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या. “मी चांगल्यासाटनं केलं गं. देवाशपथ.” त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. मी ओलं फडकं तिच्या कपाळावर, मानेवर, तळपायांवर ठेवत राहिले. वारा घातला. हळूहळू तिला खिडकी दिसायला लागली, मग माझ्या बांगड्यांचा रंग. दिवेलागणीपर्यंत तिनं स्वतःच्या हातानं पेला धरला.

दवाखान्यातल्या बाईंनी हेही सांगितलं होतं. अंग तापलं की सगळं जातं, निवलं की बरंचसं परत येतं. पण तात्यांनी दारातून बघितलं आणि त्यांना काय दिसलं? त्यांनी नाथाजीला हाक मारली.

“बग रं नाथा. घटकेत आंधळी, घटकेत डोळस. आता कळलं? समदं सोंग हाय. काम नको, धंदा नको. पाण्यात खेळायला पायजे.”

“मग रोग न्हाई म्हंता?”

“रोग हाय तर रोग, सोंग हाय तर सोंग. दोन्हीतलं कायबी असू दे, आमच्या घरात नको.”

ती ऐकत होती. तिचा चेहरा भिंतीकडे होता. मी फडकं पिळलं आणि पुन्हा ठेवलं. दुसरं काय करणार होते?

आठवड्याभरात जतचे पाहुणे आले. मुलीचा चुलता आणि आणखी एक जाडा गृहस्थ, दोघांचे फेटे नवे. पोह्यांच्या ताटल्या मीच नेऊन ठेवल्या. खाऊन झाल्यावर चुलता म्हणाला, “एकडाव बगून घेतलं असतं. म्हंजी मागनं बोलणं नको.” मला वाटलं घर बघायचं असेल, जमीन बघायची असेल. तात्या उठले आणि त्यांना सरळ विजयमालेच्या खोलीत घेऊन गेले.

ती खाली पाय सोडून खाटेवर बसली होती. त्यांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. जाडा गृहस्थ खोलीच्या मधोमध उभा राहिला, ढेकर दिली, आणि हातातल्या काठीच्या टोकानं तिचा डावा पाय हलवून बघितला. जनावराच्या बाजारात बघतात तसा. “ह्यो मेलाय,” तो म्हणाला. “दुसरा हाय अजून.”

“किती टिकंल?” चुलत्यानं विचारलं.

विजयमाला म्हणाली, “काका, तुमच्या पोरीला सांगा, सासरी जाताना दोन पाय घट्ट बांधून घे म्हनावं. हितं पाय मोजत्यात.”

 जाडा गृहस्थ काठी मागं घेऊन बाहेर गेला. मी ताटल्या उचलून मोरीत गेले.  त्या पोह्यांच्या ताटल्या घासताना माझ्या बोटांना त्यांचं उष्टं तेल लागलं, ते राखेनं घासूनही गेल्यासारखं वाटेना.

पाहुण्यांनी जाताना निरोप ठेवला की रजेवर आल्यावर बघू, फौजी काय म्हणतोय ते. म्हणजे अजून सगळं मानसिंगवर होतं, आणि मानसिंग काय बघणार त्यावर. सकाळी मौन सुटल्याबरोबर मी तिला विहिरीवर नेलं. तिला आता माझ्यापेक्षा घाई होती. ऊन पाण्यानं गेलेलं बळ भरून काढायला ती इतकी झटली की मलाच तिला ओढून बाहेर काढावं लागलं.

“दमायच्या आधी, विजय.”

“त्यो काठीवाला डोळ्यापुढनं जाईना, आक्का. अजून थोडं.”

हे तात्यांना कळत होतंच. एके दिवशी मी पहाटे अंघोळ करून देवघरात बसले होते, तेव्हा मागच्या बाजूला इंजिन सुरू झाल्याची फटफट ऐकू आली. या वेळी मळ्याला पाणी द्यायचं नव्हतं. मी तशीच उठून परसात आले. विहिरीवर पाच-सहा पुरुष उभे होते. इंजिनाचा पाइप खोल सोडलेला, आणि दुसऱ्या टोकातून पाणी धो धो करत मोकळ्या रानात चाललेलं. पीक नाही, पाट नाही, नुसतं पडीक माळावर.

विहीर उपसायचं काम आमच्याकडं कधी करतात ते मला माहीत आहे. कुत्रं पडून मेलं तर. कुणी जीव दिला तर. प्रेत काढायचं, सगळं पाणी बाहेर ओतायचं, गोमूत्र शिंपडायचं, मग नवं पाणी चढलं की प्यायचं. आणि बहात्तरचा दुष्काळ होऊन दोनच वर्षं झाली होती. याच विहिरीच्या तळाशी वाटी-वाटीनं पाणी भरलं होतं आम्ही. सासूबाई दोराला धरून स्वतः उतरल्या होत्या.

“वैनी मौनात हाईत,” तात्या नाथाजीला म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. “पूजा हुईस्तवर त्या काय बोलत न्हाईत. तवर उरका.”

त्यांनी वेळ बघूनच साधली होती. माझ्या देवाचा त्यांनी आडोसा केला.

इतक्या वर्षांत मी तो नेम तापात मोडला नाही, पोटच्या पोराला कांजिण्या आल्या तेव्हा मोडला नाही. तात्यांच्या समोर जाऊन मी म्हणाले, “विहिरीत कुणी मेलं नाही. बाई जिवंत आहे. मेल्यासारखी विहीर का उपसता?”

इंजिनाच्या फटफटीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. माझा आवाज तेवढाच. तात्यांनी कानाला हात लावला. “आँ?” मी पुन्हा म्हटलं. नाथाजी हसला. “वैनीचं त्वांड हलतंय बगा!” मी तिसऱ्यांदा बोलले नाही. तिथंच उभी राहिले.

पाणी खाली जात गेलं. आम्ही उभं राहायचो ती रुंद पायरी उघडी पडली, शेवाळलेली. त्याखालच्या दगडांवरून पाणी उतरलं आणि वास सुरू झाला. आधी कुजल्या पानांचा, मग दुसराच. तळ दिसायला लागला तसे वरचे पुरुष नाकाला धोतर लावून वाकून बघू लागले. चिखल काळा होता, दळदार. त्यात फुटकी घागर होती, एक चप्पल, दोऱ्यात ओवलेली लिंबं-बिब्बे, कुणी कुणावरून उतरवून टाकलेले. दारूच्या चपटीच्या बाटल्या होत्या. बऱ्याच. त्या बघून नाथाजी एकदम गप्प झाला. एक घूस होती, फुगून केस गेलेली, आणि तिच्या पोटाखाली काहीतरी वळवळत होतं. आणि त्या सगळ्यावर थर होता निर्माल्याचा. झेंडू, बेल, दोऱ्यासकट हार. भजनाच्या गुरुवारचे हार मी ओळखले, आणि माझ्या रोजच्या पूजेची फुलंही. देवाचं पायदळी नको म्हणून मी ती विहिरीत सोडत आले होते. त्यांचा तळाशी काळा लगदा झाला होता, आणि सगळ्यात मोठा वास त्याचाच होता.

हे पाणी आम्ही प्यायलो. यानंच देवाला अंघोळ घातली.

कुणीतरी म्हणालं, “तात्या, ही घूस तर लय दिसाची दिसत्याय.”

तात्यांनी खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, “बाईमाणूस हिरीत उतरलं की अशी घाण हुतीच.”

ते असं म्हणाले. सगळ्यांदेखत, ती घूस आणि त्या बाटल्या समोर असताना. आणि दोघांनी मान हलवली. मला वाटलं होतं की आतातरी कुणाला लाज वाटेल. त्या क्षणी मला त्या घुशीची किळस कमी आणि माणसांची जास्त आली. गंध लावलेल्या कपाळांची, हलणाऱ्या मानांची.

दुपारी गोमूत्र शिंपडलं. संध्याकाळी पायऱ्यांच्या तोंडाशी तात्यांनी बाभळीच्या फांद्या रचून घेतल्या. पाणी राहाटानं काढायचं, खाली कुणी उतरायचं नाही. नदी लांब, बैलगाडी तात्यांच्या हुकमाची. विजयमालेनं सगळं खिडकीतून बघितलं होतं. रात्री तिनं जेवण परत केलं. “आक्का,” म्हणाली, “त्यास्नी माझं मढं पायजे हुतं. न्हाई घावलं म्हणून पाणी काढलं.”

काही दिवसांतच तिचा पाय पुन्हा ओढायला लागला. आधी काठी दोन्ही हातांत आली, मग चुलीपर्यंत जायचं बंद झालं. सुगी जवळ येत होती. मी परसात बादल्या भरून ठेवून तिचे पाय त्यात सोडायचे, पण त्यानं काय होतं? अंग हलकं व्हायला अंग बुडावं लागतं.

उसाच्या भांगलणीला आमच्याकडं पारूबाई यायच्या, बौद्धवाड्यातल्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. मी बांधावर भाकरी घेऊन गेले होते. त्या खुरपं बाजूला ठेवून म्हणाल्या, “तुमची हिर उपसली त्या दिशी पाणी पार आमच्या वाड्यापतूर आलं हुतं, वैनी. आमची पोरं नाचली त्यात. म्हटलं, पाटलाची हिर आपनहून आमच्याकडं आली.”

मला हसू आलं नाही. डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी ते बघितलं.

“कशी हाय वो ती?”

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत बसल्या, मग थेट विचारलं, “दुसऱ्याला लागतो का त्यो रोग?”

“नाही. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. मी रोज तिच्याबरोबर पाण्यात होते, मला काही झालं का?”

“मग आमच्या हिरीवर आणा. बारकी हाय, पर पायऱ्या हाईत. कठड्यावर बसून कोण बगत बसणार न्हाई, आमच्या बाया बसू देनार न्हाईत.” मग त्यांचे डोळे बारीक झाले. “का बाटाल तुमी? आमची हिर तर तुमच्या मतं आदीच बाटल्याली हाय. तिला आता काय हुतंय!”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

“एक सांगते, वैनी. घासाघीस न्हाई करायची. आमच्याकडं तुमची मानसं येत न्हाईत असं न्हाई. येत्यात. दारूला येत्यात, उसनं मागाया येत्यात, बाळंतपनाला बाया बलवाया येत्यात. समदी वड्याच्या वाटंनं, कुनी न बगता. तुमी तसं यायचं न्हाई. यायचं तर दिवसा. म्होरल्या रस्त्यानं, चावडीवरनं. चार मानसात. आनी पवून झाल्यावर आमच्या हंड्यातलं पाणी पिऊन जायाचं. हाय कबूल?”

चावडीवर सकाळी तात्या बसतात. नाथाजी बसतो. सगळं गाव बसतं. ओढ्याची वाट जवळची होती, सावलीची होती. विजयमालेच्या पायाला तीच बरी होती. हे मी पारूबाईंना सांगणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगितलं नाही.

“शब्द देते,” मी म्हटलं. “उद्या येतो.”

“आँ?” त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधीच पूजा आटोपली, ऊन चढायला नको म्हणून. विजयमालेला तयार केलं. काष्टा मारून दिला, हातात काठी दिली, डबा माझ्या खांद्याला. तिला वाट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “चावडीपतूर पाय पोचंल का?”

“मध्ये बसू. देवळाच्या कट्ट्यावर बसू, मग पुढं.”

आम्ही सोप्यातून निघालो तर सासूबाई उंबऱ्यात. त्यांना काय कळलं, कुणी सांगितलं, माहीत नाही. त्यांनी हळूच म्हटलं, “परड्यातनं जावा गं. वड्याच्या वाटंनं. कुनाला दिसायचं न्हाई.”

“नाही, आत्याबाई. समोरनं येतो असा शब्द दिलाय मी.”

 त्या बाजूला झाल्या. नानासो अंगणात दात घासत होते. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि पुन्हा दात घासायला लागले.

विजयमालेनं उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला, काठी टेकली, डावा ओढून घेतला. मी तिचा कोपर धरला. रस्ता सरळ होता आणि शेवटाला चावडीचा कट्टा दिसत होता, त्यावर पांढरे फेटे. “हळू,” मी तिला म्हटलं, आणि आम्ही तिकडं निघालो.